देवाखालचा कोळसा

बागेच्या फाटकाशी पालिकेनं एक फलक लावला आहे. ही जागा इंग्रजांच्या काळात पलटणींचा पडाव होती, पुढे प्लेगच्या साथीत इथे झोपड्या होत्या, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड होते, असं त्यावर चार ओळींत लिहिलं आहे. सकाळी पळायला येणारी कंपन्यांमधली मुलं थांबून त्याचा फोटो काढतात. फलकावर खोटं काही नाही. मात्र त्या चार ओळी शोधल्या जात असताना माझं घर जायची पाळी आली होती, आणि गावात आजही चहाच्या टपरीवर बोललं जातं की बारदानवाल्यानं बागेची जागा दाबली. मी आयुष्यभर घासाघीस केली. माझ्या तोंडाला लागून भलेभले रडकुंडीला आले. पण बागेची जागा मी दाबलेली नाही. झालं ते उलटंच होतं, आणि ते सांगायला मी इतकी वर्षं भ्यालो.

मी विदर्भातून पुण्याला आलो तो अंगावरच्या कपड्यांनिशी. मार्केट यार्डात हमाली केली. पाठीवरून पोती वाहताना लक्षात आलं की भरल्या पोत्यावर सगळ्यांची नजर असते, रिकाम्याकडे कुणी बघत नाही. मग मी रिकामी पोती घ्यायला लागलो. झटकायची, फाटलेली शिवायची, पुन्हा विकायची. यालाच बारदान म्हणतात. बिबवेवाडीत आमची एक खोली होती, तिच्या अर्ध्या भागात पोती आणि अर्ध्या भागात आम्ही तिघं. माझी मुलगी पोत्यांच्या थप्पीवर झोपून मोठी झाली. तागाचा वास आला की तिला अजूनही झोप येते.

धंदा वाढला तेव्हा हडपसरच्या पुढे, तेव्हा गावच असलेल्या वस्तीत मी प्लॉट घेतला. विकणारे आबा तिथले जुने शेतकरी. कालव्याच्या पाण्यावर ऊस काढायचे. मी तीन महिने त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. उठायचो, तावातावानं निघायचो, बांधापर्यंत जाऊन परत यायचो. शेवटच्या दिवशी प्लॉटच्या मागचा एक तिरका, त्रिकोणी कोपरा मी आबांकडून फुकटात काढून घेतला. त्या कोपऱ्यात काहीच बांधता येणार नव्हतं. पण फुकट मिळतंय ते सोडायचं कशाला?

जागा अशी होती. माझ्या फाटकासमोर एक बोळ आणि बोळापलीकडे, पूर्वेला, मोकळं माळरान. गावात त्याला पडाव म्हणायचे. म्हशी चरायच्या, पोरं क्रिकेट खेळायची. पडाव का म्हणतात हे मी विचारलं नाही आणि आबांनीही सांगितलं नाही. प्लॉटच्या मागे, पश्चिमेला, तो त्रिकोणी कोपरा. आणि बोळात, नेमका माझ्या फाटकासमोर, देव. कमरेइतका चौकोनी दगड, शेंदराची इतकी पुटं चढलेली की त्याचे कोपरे गोल झाले होते. गावाचा म्हसोबा. अमावस्येला नारळ, वर्षातून एकदा कोंबडं.

देवाशी माझं भांडण नव्हतं. पण त्याच्यामुळे टेम्पो वळत नव्हता. पोती रस्त्यावर उतरवून डोक्यावरून आत न्यावी लागत. दोन पावसाळे मी ते सोसलं, मग आबांकडे गेलो.

मी म्हणालो की देव असा बोळात, गटाराशेजारी, उन्हातान्हात उभा आहे, हे बरं दिसत नाही. माझ्या जागेतला मागचा कोपरा देतो, ओटा बांधून देतो, फरशी बसवतो, वर पत्रा घालतो. आबा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी चार म्हाताऱ्यांना घेऊन आले. त्यांची हरकत देव हलवायला नव्हती, ती वेगळीच होती. देव हलवला असं म्हणायचं नसतं. जागेवरून हललेला देव कुणी मानत नाही. नवस बोललेले लोक विचारतील, आमचा नवस कुठल्या देवाला गेला? तेव्हा हलवायचा तर गुपचूप, आणि पुन्हा त्याचा उच्चार नाही.

इथे मी माझी हुशारी दाखवली. यार्डात नुसत्या तोंडच्या शब्दावर माझा कधी विश्वास बसला नव्हता. उद्या यातलाच कुणी उठून म्हणाला की बारदानवाल्यानं टेम्पोसाठी देव हलवला, तर गाव माझ्या दारात येईल. म्हणून मी म्हणालो की नुसतं बोलून चालणार नाही, बेलभंडारा उचला. पाचही जणांनी हातात बेलाचं पान आणि हळद घेऊन शपथ घेतली, सहावा मी. देव होता तिथंच आहे, जो वेगळं बोलेल त्याच्या लेकराबाळांना देव बघून घेईल. लेकराबाळांचे शब्द माझे होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र सौदा पक्का झाल्याचं समाधान वाटत होतं.

यार्डातले माझे दोन हमाल आणले. पहाटे फटफटताना दगड उचलला. उचलला कसला, उपटला. जमिनीवर जेवढा होता तेवढाच खाली होता. हमाल तो घेऊन घराच्या मागे गेले. मी आणि आबा खड्ड्याशी थांबलो. खड्ड्याच्या तळाशी काळं काहीतरी दिसत होतं. मी हात घातला. कोळसा होता. लाकडी कोळशाचे तुकडे, एकाला एक लागून, दाबून बसवलेले. कुणीतरी मुद्दाम ठेवलेले. आजूबाजूला पांढरा चुना.

आबा दोन पावलं मागे सरले. "करणी हाय," ते म्हणाले. "कुणीतरी गावावर केलेली. हात धू आधी."

मी हात धुतले, पण त्याआधी सगळा कोळसा घमेल्यात भरला, कारण माझ्या फाटकाखाली तो मला नको होता. घाईघाईत हाताला लागला तेवढा काढला, घमेलं कालव्यात नेऊन ओतलं, खड्ड्यात गोमूत्र शिंपडलं, वर मुरूम दाबला आणि आठवड्याच्या आत काँक्रीट करून घेतलं. टेम्पो आरामात वळायला लागला.

महिन्याभरात माझ्या गोदामाला आग लागली. ताग पेटला की विझत नाही, आतून धुमसत राहतो. अर्धी पोती गेली. वायर जुनी होती हे मला माहीत होतं. तरी पोत्यांचा तो काळा ढीग पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे घमेलंच आलं. त्या दिवसापासून मी अमावस्या चुकवली नाही. ज्या बाजारात मला कुणी घाबरवू शकलं नव्हतं तिथे मी खिशात लिंबू ठेवून जायला लागलो.

मग ती वर्षं आली. बघता बघता ऊस गेला. आबांनी पडावाच्या पलीकडची जमीन विकली, तिथे काचेची इमारत उभी राहिली. गाव पालिकेत आलं. चौकातला सायकलवाला मोबाइल विकायला लागला. पडावावर कुंपण पडलं, हिरवळ लागली, पळायला लाल मातीचा रस्ता झाला. माळरानाची बाग झाली. मी घरावर दोन मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. ताग जाऊन प्लास्टिकची पोती आली होती, धंद्यात दम राहिला नव्हता. म्हणजे माझ्याकडे आता खरं तर घरच होतं. मुलीचं लग्न त्यावर झालं, म्हातारपण त्यावर निघणार होतं.

वरच्या खोलीत एक मुलगी राहायला आली. काचेच्या इमारतीतल्या कंपनीत नोकरीला, मूळची आमच्या अमरावतीकडची. बोलण्यात वऱ्हाडी शब्द आला म्हणून मी भाड्यात घासाघीस केली नाही, हे माझ्या आयुष्यातलं पहिलंच उदाहरण असेल. सुट्टीच्या दिवशी तिचा उद्योग एकच, जुनी ठिकाणं बघत फिरणं.

एका रविवारी ती उड्या मारतच जिन्यावरून खाली आली, हातात मोठा कागद.

"काका, तुम्हाला माहितीये का तुम्ही कुठे राहता? सॉलिड हिस्ट्री आहे इथे."

कागद म्हणजे इंग्रजांच्या नकाशाची प्रत होती. तिनं ती इंटरनेटवर शोधली होती. सोलापूरच्या रस्त्याला लागून एक चौकोन आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा. ती भराभरा सांगत सुटली. पुण्याहून निघालेली पलटण पहिल्या मुक्कामाला इथे उतरायची. तंबू, घोडे, हत्तीसुद्धा. गावानं त्यांना वैरण, लाकूड, मडकी, अंडी पुरवायची, मोबदला मिळो न मिळो. पुढे प्लेग आला तेव्हा आजारी माणसं आणि त्यांच्या घरचे इथेच झोपड्यांत आणून ठेवले. आलेले सगळे परत गेले नाहीत. सरकारी जागा म्हणून चार कोपऱ्यांवर दगड पुरले होते, दगडावर बाण कोरलेला. एक तिला सापडलाही होता. कालव्याच्या घाटावर बायका ज्याच्यावर धुणं आपटतात तो. अजून एक रस्त्याखाली गेला असावा, एक कुणाच्या तरी विहिरीच्या बांधकामात.

"आणि चौथा तुमच्याकडे आहे," ती म्हणाली. "मागचा देव. शेंदराखाली बाण असणार, बघा."

तिनं बोटानं नकाशावर दाखवलं. चौथा दगड चौकोनाच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यावर. म्हणजे दगडाच्या पूर्वेला सगळी सरकारी जागा. दगड आता माझ्या घराच्या मागे होता. घर दगडाच्या पूर्वेला होतं.

मी तिला म्हणालो की हे कुणाला दाखवू नकोस. ती हसली. म्हणाली, काका, मी तर पालिकेला अर्ज पण केला, बागेत बोर्ड लावा म्हणून. मी तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरी खोली बघ आणि चालू लाग, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य होतं. आपण काय केलं हे तिला कळत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

अर्जाला पाय फुटले. फलक लावायचा तर हद्द माहीत हवी, हद्द हवी तर मोजणी हवी. दीड महिन्यानं बागेच्या फाटकावर आणि माझ्या फाटकावर एकच नोटीस चिकटली. जुन्या पडावाची हद्द कायम करायची आहे, लगतच्या धारकांनी हजर राहावं. चौकशी केली तेव्हा कळलं की बाकीचे तीन दगड जागेवर नसल्यानं मोजणी चौथ्यापासून, म्हणजे देवापासून सुरू होणार. साठ-पासष्ट फुटांनी अख्खा पडाव पश्चिमेला सरकणार, आणि माझं घर त्याच्या पोटात जाणार. पलीकडे काचेच्या इमारतीच्या भिंतीला तेवढीच मोकळीक मिळणार. ती जमीन कुणी विकली होती हे मी विसरलो नव्हतो.

त्याच आठवड्यात माझी मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली.

मी नोटीस खिशात घालून आबांकडे गेलो. आबा थकले होते, ओट्यावर उन्हात बसलेले. चारांपैकी तीन म्हातारे गेले होते, चौथ्याला ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, माझ्या बोलण्याला किंमत नाही, मी माझ्याच घरासाठी बोलतोय असं म्हणतील. बायकोचं बोलणं म्हणजे माझंच, आणि ते दोन हमाल कुठे पांगले पत्ता नाही. पण तुम्ही जुने, तुमचा जबाब धरतील. एकच वाक्य सांगायचंय, दगड आधी बोळात होता.

आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "देव जिथं हाय तिथंच हाय."

"आबा, माझं घर जातंय."

"मला चार नातवंडं हायती. लेकराबाळांचं कुणी घातलं हुतं शपथेत?"

मी भडकलो. मी म्हणालो की जमीन मला विकताना पडाव काय ते सांगितलं नाहीत, पलीकडे विकलीत तिथे आता साठ फूट वाढून मिळतील, म्हणून तोंड बंद आहे. आबांनी उठून आत जाण्याचे कष्टही घेतले नाहीत. नजर फक्त दुसरीकडे वळवली. त्यांच्या सुनेनं मला हात जोडून जायला सांगितलं.

यार्डात मी कुणाच्याही तोंडून शब्द काढून घेऊ शकलो असतो. इथे ज्या तोंडातून हवा होता ते मीच शिवून ठेवलं होतं, सुतळीच्या दुहेरी टाक्यानं.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त भीती आठवते. घरात मुलगी जिना चढताना दिसली की मी धावत जाऊन तिचा हात धरायचो. संध्याकाळी बागेत दिवे लागायचे, लाल मातीवरून माणसं पळायची, आणि मला त्यांच्यामागे झोपड्यांच्या रांगा दिसायच्या. इथे घरातून उचलून आणलेली माणसं होती. त्यांचीही घरं कुणीतरी मोजून, खूण करून रिकामी केली असतील. मला वाटायला लागलं की तो कोळसा त्यांच्यातल्याच कुणीतरी ठेवला होता आणि मी तो उपसला. मी शपथ पाळली तर घर जाणार, मोडली तर लेकरू. असा सौदा माझ्यापुढे कधी कुणी ठेवला नव्हता. ज्यानं ठेवला तो मीच होतो.

मोजणीच्या दोन दिवस आधी वरची मुलगी निरोप घ्यायला आली. सामान बांधलं होतं. तिला बाहेर उभं करून मी किल्ली मागितली. तिनं किल्ली दिली आणि म्हणाली की आपल्याला उशिरा कळलं, नोटिशीचं. वाईट वाटतंय. आपण जुनी पुस्तकं बघितली, काही मार्ग निघतो का म्हणून. काही नाही सापडलं.

"एकच इंटरेस्टिंग होतं," ती जाता जाता म्हणाली. "दगड लोक हलवतात, म्हणून इंग्रज मोजणीवाले दगडाखाली कोळसा पुरायचे. चुन्यात. कोळसा सडत नाही ना. दगड गेला तरी खूण राहते."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. तिला वाटलं मला काहीतरी झालं. तिनं बायकोला हाक मारली, पाणी आणलं. मी तिला पुन्हा विचारलं, काय पुरायचे? तिनं सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग मी तिच्या हातात किल्ली परत ठेवली. ती बघतच राहिली.

इतकी वर्षं ज्याला मी करणी समजून लिंबं वाहिली तो एका सरकारी कामगारानं नियमाप्रमाणे भरलेला खड्डा होता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण लगेच दुसरी भीती उभी राहिली. माझ्या घराचा एकुलता एक साक्षीदार मी घमेल्यात भरून कालव्यात ओतला होता. तळाशी काही उरलं असेल का? हात घाईत फिरला होता. मी किती खोल गेलो होतो ते आठवायचा प्रयत्न करायचो आणि प्रत्येक वेळी खड्डा अधिक स्वच्छ आठवायचा.

मोजणीदार सकाळी दहाला आले. शहरातले, पांढरा शर्ट, छत्री. माझ्या घराकडे मान वर करून बघत म्हणाले, "हे आपलं? बांधलंत ते मोजून की मनात आलं तसं?"

मी म्हणालो मोजून. ते मागे गेले, देवाला चप्पल काढून नमस्कार केला आणि यंत्राचे तीन पाय देवासमोर रोवायला लावले.

"दगड हलवलेला नाही ना?" त्यांनी जमलेल्यांना विचारलं. "नाही म्हणजे, देव आहेत म्हणजे नसणारच. आम्हाला देव बरे पडतात. जबाब फिरवत नाहीत."

आबा खुर्चीवर बसून होते, नातवानं आणून बसवलेले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मीही. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण ते बोलले नाहीत. माझी मुलगी खिडकीत उभी होती, एक हात पोटावर. मला तोंड उघडायचं होतं, पण तिच्याकडे बघून धजत नव्हतो.

मी मागे फिरलो, गोदामातली पहार घेतली आणि फाटकासमोरच्या काँक्रीटवर घातली. पहिल्या घावाला नुसता टवका उडाला. लोक धावत पुढच्या बाजूला आले.

"अहो, आपलंच फाटक काय फोडताय?" मोजणीदार मागून म्हणाले. "जरा दम धरा. वेळ आली तर पालिका फोडेल की, तिला कशाला त्रास नाही म्हणता."

मी थांबलो नाही. काँक्रीट फुटलं. खाली माझा मुरूम लागला, मी दाबलेला, लाल. तो उपसला. हातभर गेलो. काही नाही. गुडघ्यावर बसून हातानं माती काढायला लागलो. मातीत ओल होती, गोमूत्राचा नाही, नुसता मातीचा वास होता. काही नाही. कुणीतरी म्हणालं, बारदानवाल्याचं डोकं फिरलं. बायको माझं नाव न घेता मला हाका मारत होती. मी आणखी खाली गेलो. नखाखाली पांढरं आलं. चुना होता. चुन्याचा कडक थर होता, त्याला कधी मी हातच लावला नव्हता, कारण त्या पहाटे मी वरचं काढून पळालो होतो. पहारीचं टोक अलगद लावलं. थर फुटला आणि त्याच्याखाली काळं दिसलं. तीनचार तुकडे, बोटाएवढे, काल ठेवल्यासारखे.

मोजणीदारांनी छत्री मिटली. ते खाली बसले, पांढऱ्या पँटचा विचार न करता. एक तुकडा उचलून त्यांनी बोटावर घासला.

"नोकरीला लागताना पुस्तकात वाचलं होतं हे," ते म्हणाले. आवाजातला खवचटपणा गेला होता. "प्रत्यक्ष पहिल्यांदा बघतोय."

मग माझ्याकडे वळून त्यांनी तोच प्रश्न विचारला ज्याला मी भीत होतो. "हे इथे आहे हे आपल्याला कसं माहीत?"

मी आबांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि हात झटकत गप्प उभा राहिलो. मोजणीदारांनी एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे बघितलं. पुण्याचा माणूस, समजायचं ते समजले. त्यांनी विचारायचं सोडून लिहायला सुरुवात केली. जागेवर खोदले असता चुना व कोळसा मिळून आला. यंत्राचे पाय उचलून खड्ड्याशी आणले गेले. हद्द बोळातून गेली. माझं घर बाहेर राहिलं, फाटकासमोरचं काँक्रीट तेवढं बागेत गेलं. काचेच्या इमारतीची भिंत जिथे होती तिथेच राहिली.

लोक पांगले. मी आबांच्या खुर्चीशी गेलो. पाया पडावं की भांडावं हे ठरत नव्हतं. आबाच म्हणाले, खालच्या आवाजात, "तू बोलला न्हाईस, बारदानवाले. पण तू सांगितलंस." एवढं म्हणून त्यांनी नातवाला खूण केली.

त्या वाक्यानं माझी पुढची सगळी झोप खाल्ली. मुलीची वेळ येईपर्यंतचे दोन महिने मी दवाखान्याचा रस्ता रोज मनात चालायचो. नात झाली, धडधाकट, भरपूर रडणारी. तरी तिला साधा ताप आला की मला हाताला चुना लागल्यासारखं वाटतं. आबा दोन वर्षांनी गेले. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. त्यांनी माझं घर जाऊ दिलं असतं, उन्हात बसून, डोळ्यांदेखत. आणि तरी त्यांनी केलं ते मी घातलेल्या अटीप्रमाणेच केलं, यात मला खोट काढता येत नाही. बेलभंडारा उचललेल्यांपैकी आता मी एकटा उरलो आहे.

देव मागच्या कोपऱ्यातच आहे. त्याला परत बोळात नेता येत नाही, कारण गावाच्या मते तो कधी हललाच नाही. लोकांना दिसतं ते एवढंच, की हद्दीचा दगड माझ्या घराच्या मागे आणि बाग घराच्या पुढे. मग बारदानवाल्यानं जागा दाबली, दुसरं काय. मी खुलासा करू शकत नाही. हे लिहिलं ते बोलण्यात धरायचं का, हे सांगणारं कुणी राहिलेलं नाही. लिहायला घेतलं त्या दिवशी मुलीला मी तीन वेळा फोन केला, घरात सगळे बरे आहेत ना म्हणून.

नात आता फलक वाचण्याइतकी मोठी झाली आहे. मागच्या सुट्टीत तो वाचून परत येताना तिनं मला आमच्या फाटकासमोर थांबवलं. दगड कोपऱ्यावर होते असं लिहिलंय, मग आपला देव तिकडे मागे कसा? तो आधी कुठे होता, आजोबा?

ती उभी होती ती नेमकी त्याच जागी, माझ्या फुटलेल्या काँक्रीटवर पालिकेनं लावलेल्या हिरवळीत. मी तिचा हात धरून तिला आधी तिथून बाजूला घेतलं.

"जिथं आहे तिथंच होता," मी म्हणालो.